अष्टमीचं पाणी

गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६
दुपार

प्रिय शालू,

वहिनीला पत्र लिहायचं तर वर एक नमस्कार घालायला हवा, एवढं मला कळतं. पण जिच्या वहीतून मी दोन वर्षं भूमिती उतरवली आणि जी माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी मला न विचारता संपवायची, तिला नमस्कार घालायला हात धजत नाही. तेव्हा तो पोचला असं समज. दादाची शिफ्ट, चिकूचा बहर, राहीबाईंचा गुडघा, तुझे पाय, सगळ्यांची खुशाली विचारते. तुझ्या पायांची सगळ्यात आधी.

मी इथे जर्मनीत बरी आहे. जेवते, कामावर जाते, परत येते. आठवडाभर ऊन पाहिलेलं नाही. तू बांधून दिलेले सुके बोंबील संपले. शेवटचे तीन भाजले तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई गॅस गळतोय म्हणून वर धावत आली. मी तिला एक खायला लावला. त्यानंतर तिची तक्रार नाही, पण जिन्यात भेटली की ती भिंतीला चिकटून जाते.

तुला वाटेल, हिला हे पत्राचं काय खूळ? रविवारीच तर तासभर फोनवर बोललो. बोललो खरं, पण काय बोललो? तू म्हणालीस, पाय सुजलेत, जोडवी साबण लावूनही निघेनात. तू म्हणालीस, पुनव आहे ना, पाणी जरा मचूळ लागतंय. मी म्हटलं, शालू, आजपासून विहिरीचं पाणी पिऊ नकोस. तू हसलीस. मग मी इथल्या थंडीवर बोलत राहिले.

नंतर मेसेज लिहायला घेतला. चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. म्हणून कागद. तारापूरच्या कॉलनीतला प्रदीप इथे जवळच नोकरीला असतो. त्याच्या बहिणीचं लग्न आहे, रविवारी संध्याकाळी तो निघेल आणि मंगळवारी सकाळी वाडीत येऊन हे पाकीट तुझ्या हातात देईल. दादाच्या नाही, तुझ्या. एकदा ते त्याच्या बॅगेत गेलं की मला पुसता येणार नाही.

आधी माझ्या ग्रहाची बातमी सांगते. देवघराशेजारी ते कात्रण अजून लावलेलं असेल ना? ‘पालघरच्या लेकीला दूरच्या ग्रहावर सापडलं पाणी’. ते काढून टाक. ते पाणी ग्रहाचं नव्हतं.

सोपं करून सांगते, म्हणजे तुला दादाला सांगता येईल. एखादा ग्रह राहण्याजोगा आहे का, हे आम्ही तिथे जाऊन बघत नाही. तिथला उजेडच आपल्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागतात. ग्रह तर दिसतही नाही, दिसतो तो त्याचा तारा. ग्रह ताऱ्यासमोरून सरकला की उजेड किंचित उतरतो, शंभरातला जेमतेम एक भाग. त्यातला कणभर उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. त्या हवेत वाफ असेल तर ती ठरावीक रंग गिळते. तो रंग कमी भरला की आम्ही म्हणतो, पाणी असावं. एवढ्याशा कमीवर मी दहा वर्षं काढली. लोक याला हुशारी म्हणतात.

आमचा तारा लहान, तांबडा, थंड. सूर्यावर असतात तसे त्याच्यावरही डाग आहेत, आणि ते इतके थंड आहेत की त्या डागांतच वाफ तग धरते. आम्हाला दिसलेली वाफ ती. ताऱ्याच्या अंगावरची वाफ आम्ही ग्रहाच्या नावावर लिहिली. मग आम्ही ग्रहाची उष्णता मोजली. हवा असती तर तिने उन्हातल्या बाजूची ऊब अंधारातल्या बाजूला नेली असती. तसं काही होत नाही. उघडा दगड आहे तो. हवा कधीकाळी असलीच तर ताऱ्याने भडकून भडकून ती उडवून लावली.

अंतर मात्र अगदी बरोबर होतं हं. पाणी उकळूही नये, गोठूही नये, असं. कागदावर तो राहण्याजोगाच होता. पुढच्या महिन्यात आमचा नवा निबंध छापून येईल, त्यात हे सगळं असेल. त्याचं कात्रण कुणी तुझ्या घरी आणून देणार नाही.

हे सगळं मी तुला सांगतेय कारण दुसरं काही सांगायचं टाळतेय. आता मीटिंग आहे. उद्या लिहिते.


शनिवार, ७ फेब्रुवारी
सकाळ

काल लिहिलं नाही. वेळ होता.

बोईसरच्या जारवाल्याला मीच फोन केला होता, हे तुला आता माहीत झालंय. भला माणूस. म्हणाला, ‘मॅडम, उधर तो आपका कुआँ है, सब लोग उसीका पानी पीते हैं.’ मी म्हटलं, तुम्ही रोज एक जार टाका. सोमवार, मंगळवार टाकला. बुधवारी दादाने परत पाठवला आणि वर फोनवर मला सुनावलं, ‘दिशा, तुला पैसा जास्त झालाय काय? आमी तुझ्या चिठ्ठीवर पानी पितो, नि तूच आमाला जार पाठवतेस?’ मागून तुझं हसू ऐकू येत होतं.

माझी चिठ्ठी. ‘वाडीतली विहीर. क्षार ४१०. पिण्यास योग्य.’ खाली माझी सही आणि २० डिसेंबर २०२३ ही तारीख. दादाने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माठाच्या वर चिकटवली. माझ्या पदवीचं इतकं कौतुक त्याने केलं नव्हतं. शेजारच्या दोन घरांनीही नळाच्या पाण्याची वाट बघणं सोडलं आणि आपल्या विहिरीवर कळश्या आणल्या.

त्या डिसेंबरची आठवण तुला करून द्यायला नको, पण मला ती क्रमाने लिहायचीय. तुमचं वाडी सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. पालघरला फ्लॅट बघून झाला होता. खाडीचा बांध खचल्यापासून माडाच्या झावळ्या टोकाला करपत होत्या, मोगरा गेला होता, पाणी कधी गोड तर कधी मचूळ. आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तुला दुसरा महिना लागला होता. तू म्हणालीस, माझं मन इथून उठलंय, पण नीलेशचा पाय निघत नाय. दादा म्हणाला, ‘तू एवढी शिकलीस, पार आभाळातल्या ग्रहांचं सांगतेस, मग आपल्या घराचं सांग की. इथं पोर वाढवायचं का नाय? तू म्हणशील तसं.’

मी लगेच बॅगेतून ते पेनासारखं यंत्र काढलं. पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. इथे मी ते नळाच्या पाण्यासाठी घेतलं होतं. मी पोहरा सोडला, पाणी काढलं, मोजलं. राहीबाई सातपाटीहून मासळीची पाटी घेऊन आल्या होत्या, ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या. त्यांनी विचारलं, ‘काय करतंस बाय?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आज अष्टमी. भांगाचं पानी गोडच लागनार. पुनवेला उधान चडलं का मग मोज.’ मी हसले. तूही हसलीस, पण माझ्या हसण्याला साथ म्हणून.

मला काय ते माहीत नव्हतं? अष्टमीला भांग, भरती नावालाच चढते. पुनवेला आणि अवसेला उधाण, खाडी बांधाला लागते आणि जमिनीखालून विहिरीत शिरते. खाडीकाठची चौथीतली पोरंसुद्धा हे सांगतील. होडी कधी काढायची, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, सगळं आपण तिथीवर करतो. फक्त मी पाणी माझ्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी मोजलं, कारण त्या दिवशी मला वेळ होता.

आणि तू, शालू, तुला जिभेला कळत होतं. दर पुनवेला तू म्हणायचीस, मचूळ आहे. पण वर चिठ्ठी होती. तू म्हणालीस, ‘माजीच जीभ खराब झाली असंल, पोटुशीला काय बी लागतं.’ माझ्या अक्षरापुढे तू तुझी जीभ खोटी धरलीस.

हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. आमच्याकडे उन्नती नावाची नवी मुलगी आलीय, नाशिकची. मला ताई म्हणते, कुठलाही प्रश्न विचारायला लाजत नाही. जानेवारीत ती माझी जुनी निरीक्षणं चाळत होती. एका दिवसाच्या निरीक्षणातले दोन तास मी कापून टाकले होते. तिने विचारलं, ‘ताई, हे का काढलं?’ मी म्हटलं, त्या वेळी तारा भडकला होता, आकडे बिघडलेले होते. ती म्हणाली, ‘पण ग्रहाला ते दोन तास सोसावेच लागले ना?’

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. ती गेल्यावर दार लावून बसले. मला आमचा तारा आठवत नव्हता, वाडीतली विहीर आठवत होती. मी शांत दिवसाचा आकडा घेऊन सही केली, आणि तुला पुनवेचंही प्यावं लागलं, अवसेचंही प्यावं लागलं. त्यात पोटात बाळ होतं.

तर मी चुकीच्या दिवशी मोजलं. हे सांगायचं होतं. आता तरी जार घे.


रविवार, ८ फेब्रुवारी
सकाळ

काल लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं. रात्री पाकीट बंद केलं होतं. आज फाडलं.

शालू, मी पाणी दोनदा मोजलं होतं.

२७ डिसेंबर, दत्तजयंतीचा दुसरा दिवस. माझं विमान त्या रात्रीचं होतं. तू आणि दादा सकाळी तपासणीला पालघरला गेला होतात. मी एकटीच घरी होते. राहीबाईंचं बोलणं मनातून जात नव्हतं, म्हणून पोहरा सोडला. २१४०. मला वाटलं बादलीला काही लागलं असेल. बादली घासली, पुन्हा पाणी काढलं. २१५५. यंत्र पुसलं, पिशवीत होतं ते विकतचं पाणी मोजलं, तो आकडा बरोबर आला. पुन्हा विहिरीचं मोजलं. तोच आकडा. चाखून बघितलं. शालू, मी चाखून बघितलं, आणि ते खारट होतं.

मी तो आकडा कुठेही लिहिला नाही. मी, जी प्रत्येक आकड्याखाली वेळ आणि तारीख टाकते, तिने ते यंत्र रुमालात गुंडाळून बॅगेत तळाशी घातलं. दुपारी तुम्ही आलात. डॉक्टरांनी ठोके ऐकवले म्हणून दादाने पालघरच्या नाक्यावरून पेढे आणले होते, तू मला एक भरवलास. दादाने विचारलं, ‘मग ऱ्हायाचं ना आमी?’ मी तोंडातला पेढा संपवला आणि म्हटलं, राहा.

का, हे तू विचारशील. विचारणार नाहीस कदाचित, तू असं कधी विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. वाडी विकली असती तर तिथे कुणीतरी खोल्या बांधून पाहुणे ठेवले असते. मला ते घर हवं होतं. इथे दोन खोल्यांत राहताना मी डोळे मिटून तुमच्या मागच्या दारातून आत शिरते, फणसाखालून विहिरीकडे जाते, काठावर बसते. आई गेल्यापासून माझं तेवढंच ठिकाण उरलं होतं. ते तिथेच असायला हवं होतं, म्हणजे वर्षातून बारा दिवस मला तिथे जाता आलं असतं. बारा दिवस मी जाणार, आणि बारा महिने पाणी तुम्ही पिणार. हिशेब इतका सरळ होता आणि मी तो केला नाही, असं म्हणायची मला सोय नाही. मला ती जागा राहण्याजोगी हवी होती म्हणून मी ती राहण्याजोगी ठरवली. ग्रहाचंही मी तेच केलं, पण ग्रहावर कुणी नव्हतं.

मग मे महिना. सातवा लागला होता. तुझा रक्तदाब चढला, तू दोन दिवस बेशुद्ध होतीस आणि तुला शुद्ध आली तेव्हा मुलगी गेलेली होती. दादाने तिला बघितलं, तू बघितलं नाहीस. मी फोनवर तुझ्याबरोबर रडले. तू मला म्हणालीस, ‘तू बिचारी पानीसुदा तपासून गेलीस, पन नशिबातच नव्हतं.’ तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

त्याच आठवड्यात मी वाचलं होतं. किनाऱ्यावर खारं पाणी पिणाऱ्या बायकांचा रक्तदाब गरोदरपणात जास्त चढतो, असे अभ्यास आहेत. वाचलं आणि पान बंद केलं. तुझ्या बाबतीत पाण्यानेच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. तुझं वय, तुझ्या आईचा रक्तदाब, बरीच कारणं असू शकतात. पावणेदोन वर्षं मी या ‘असू शकतात’च्या आड उभी आहे. दिवाळीत तू पुन्हा बातमी दिलीस तेव्हाही मी तिथेच उभी होते. मला तो आकडा आठवत नव्हता असं नाही. आठवायचा नाही असं मी ठरवलं होतं.

आता ऐक, आणि या वेळी माझ्या अक्षरावर नको, तुझ्या जिभेवर विश्वास ठेव. आजपासून विहिरीचं पाणी पिण्याला नको, चहाला नको, डाळीलाही नको. डॉक्टरांना सांग की मी दोन वर्षं खारं पाणी पितेय, आकडा एकवीसशेच्या वर, उन्हाळ्यात त्याहून जास्त असेल. पायांची सूज त्यांना दाखव. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर शिफ्ट सुटायची वाट बघू नकोस, रिक्षा कर आणि जा. शेजारच्या दोन घरांनाही सांग. त्यांच्याकडे लहान मुलं आहेत.

दादाला तू सांगू नकोस. मी सांगेन. मंगळवारी तुझ्या हातात हे पडलं की त्याच संध्याकाळी मी त्याला फोन करेन.


तोच दिवस
दुपार

मंगळवार आला नाही.

आत्ता दादाचा फोन आला होता, पालघरहून, दवाखान्यातून. काल संध्याकाळी तुझं डोकं ठणकायला लागलं, तू बाम लावून पडलीस. रात्री तुला आकडी आली. म्हणजे मी इथे पाकीट बंद करत होते त्याच सुमाराला. दादा सांगत होता आणि मला त्याच्यामागे कुणाचं तरी बाळ रडताना ऐकू येत होतं. तो म्हणाला, ‘डॉक्टर म्हनतात आता थांबता येनार नाय. बाळाला काढावं लागंल. सहावाच चालू हाय, ते काय वाचनार नाय. पन शालू वाचंल म्हनतात.’

मी म्हटलं, दादा, तू काही खाल्लंस का? हेच सुचलं मला. तो म्हणाला, ‘खातो गं. तू काळजी करू नको. मी सकाळी घरला जाऊन विहिरीचं पानी घेऊन आलोय, दोन मोठ्या बाटल्या. हितलं पानी तिला नको. आपलं तपासलेलं हाय.’

मग मी बोलले. कशी ते आठवत नाही, पण सगळं बोलले. ते पाणी तिला देऊ नको, म्हटलं. अष्टमीचं सांगितलं. पुनवेचं सांगितलं. आकडा सांगितला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी पेढा खाण्याआधी मला तो माहीत होता, हेही सांगितलं.

त्याने विचारलं, ‘पयल्या वेळेलापन तुला माहीत होतं?’

मी म्हटलं, हो.

‘बरं,’ म्हणाला.

दादा रागावला की पार रस्त्यापर्यंत ऐकू येतं, तुला माहितीये. तो ओरडला नाही. पुन्हा एकदा ‘बरं’ म्हणाला, आणि म्हणाला, ‘डॉक्टर बोलवतात.’ फोन ठेवला. त्यानंतर मी अकरा वेळा केला. घंटी वाजते, तो उचलत नाही.

शालू, हे पत्र तुला मंगळवारी मिळेल ते आता वाडीत नाही, दवाखान्यात. प्रदीपला मी तसं सांगितलंय. तोवर बाळ गेलेलं असेल. मी हे असं सरळ लिहितेय कारण आडून लिहायची माझी पाळी संपली. ते गेलेलं असेल आणि तू शुद्धीवर येऊन छताकडे बघत असशील, आणि कुणीतरी तुझा हात धरून नशिबाचं काही बोलत असेल. त्यांना थांबव. नशीब नव्हतं ते. या वेळी तरी तुला खरं कारण माहीत असायला हवं, तेवढं तुझं माझ्याकडे बाकी आहे.

पाकिटात काहीतरी घालावं असं मनात आलं. काय घालणार? इथे चांगलं चॉकलेट मिळतं.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग तुला ती आयुष्यभर सांभाळत बसावी लागेल. तू मला शिव्या दे. दादाला सांग की दिशाचं नाव घरात काढायचं नाही. पालघरला जा, तो फ्लॅट गेला असेल तर दुसरा बघा, वाडी विकून टाका. माझ्यासाठी काही ठेवू नका. मी येऊ का, असंही विचारत नाही. विमानाची वेळ बघितली होती, बंद केली. तुझ्या उशाशी बसायला मी यावं आणि तू मला पाणी विचारावंस, हे मला सोसणार नाही, आणि आत्ताही मी माझ्याच सोसण्याचं बोलतेय बघ.

प्रदीपने खालून बेल वाजवलीय. एकदाच वाजवली, भिडस्त आहे. आता हे वाचून बघणार नाही. वाचलं तर यातलं काहीतरी मी कापेन.

तुझ्या दोन लेकरांना ते पाणी पाजणारी,
दिशा